हुद्दार सरांचा हात

डॉ. अच्युत हुद्दारांच्या उजव्या डोळ्याचा पडदा दुसऱ्यांदा सुटला, तेव्हा त्यांनी आठवडाभर कुणाला पत्ताच लागू दिला नाही. उभ्या आयुष्यात ज्यांनी पेशंटना दटावून सांगितलं, "डोळ्यासमोर सावली आली की तसेच उठून या, सोमवारची वाट बघू नका," तेच सर सावली डोळ्यात घेऊन सकाळी फिरायला जात होते, जिन्याची पायरी चुकून आपटत होते आणि बायकोने विचारलं की चष्म्याला शिव्या घालत होते. डॉक्टरसारखा हट्टी पेशंट नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. त्यातून डावा डोळा निवृत्तीनंतर काचबिंदूने खाल्लेला. म्हणजे होता तो एवढा एकच.

शेवटी विजयाकाकूंनी शाल्मलीला फोन केला. "अगं, हे भिंत चाचपत चालतायत. माझं ऐकत नाहीत. तू काहीतरी निमित्त काढ आणि बोलावून घे बाई."

डॉ. शाल्मली मगदूम ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. मिरजेच्या नेत्रालयात सर ज्या खोलीत पेशंट तपासत, त्याच खोलीत आता ती बसायची. तिने सरांना बोलावलं, डोळ्यात थेंब टाकले, बाहुली मोठी झाल्यावर आत पाहिलं आणि दिवा बाजूला सारला.

"सर, पापुद्रा धरलाय."

"ते मला कळलंय गं. कुठवर आलाय ते सांग."

"खालचा सगळा पडदा चुणलाय. आता मध्याकडे सरकतोय."

सर हं म्हणाले. मध्य म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. वाचणं, माणूस ओळखणं, ताटातला खडा निवडणं, सगळं त्या मधल्या मोहरीएवढ्या जागेवर चालतं.

डोळ्याचा हा पडदा म्हणजे खोलीच्या भिंतीला आतून चिकटवलेला कागद समजा. कागदाला भोक पडलं, मागे पाणी शिरलं, की तो भिंतीपासून सुटतो. हे झालं साधं दुखणं. सरांना काही महिन्यांपूर्वी तेच झालं होतं आणि ते व्यवस्थित दुरुस्तही झालं होतं. पण काही डोळ्यांना बरं व्हायची फार घाई असते. भोकातून थोड्या पेशी बाहेर सांडतात, पडद्यावर जाऊन बसतात आणि जखम भरायच्या कामाला लागतात. त्यांचा पापुद्रा तयार होतो, दुधावरच्या सायीसारखा. साय निदान गप्प पडून राहते. हा पापुद्रा व्रणासारखा आवळत जातो आणि खालच्या पडद्याला चुण्या पाडत आपल्याबरोबर ओढून घेतो. मग डॉक्टरने आत शिरून, केसासारख्या बारीक चिमट्याने पापुद्र्याची कड शोधायची आणि खालचा पडदा न फाडता तो सोलून काढायचा. जिथे निघतच नाही तिथे पडद्याचा तेवढा भाग कापून टाकायचा, कडा लेसरने डागून भिंतीला पक्क्या करायच्या, डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरायचं आणि पेशंटला उपडं झोपवायचं, म्हणजे तेल तरंगून मागच्या पडद्याला दाबून धरतं. एवढं करूनही पापुद्रा पुन्हा उगवणार नाही याची खात्री कोण देणार? कुणीच नाही.

हुद्दार सर या कामातले राजे होते. लांबलांबून बिघडलेले डोळे त्यांच्याकडे यायचे, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेची यंत्रं बनवणारी एक कंपनीही त्यांच्याकडेच आली. सरांच्या थिएटरमध्ये प्रत्येक शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकातून रेकॉर्ड होत असे. हत्यारांच्या मुठींत बसवलेल्या संवेदकांनी बोटांचा दाब, वळण, थरथर सगळं टिपून ठेवलेलं असे. कंपनीने ते घेतलं आणि यंत्राला शिकवलं. यंत्राला नाव दिलं सव्यसाची. थिएटरमधल्या लोकांनी महिन्याभरात त्याचं सव्या करून टाकलं.

सव्या दमत नसे, त्याचा हात थरथरत नसे, त्याला मधेच चहा लागत नसे. डॉक्टरने शेजारी बसून पायाखालचं पेडल दाबून धरायचं. पाय खाली तोवर सव्या चालणार, पाय उचलला की थांबणार. माणूस जबाबदार हवा म्हणून कायद्याने ठेवलेला एवढाच काय तो माणसाचा भाग. समोरच्या स्क्रीनवर आकडा येई: पुढची ओढ यशस्वी व्हायची शक्यता शंभरात किती. विमा कंपन्यांनी मग हाताने केलेल्या शस्त्रक्रियांना पैसे देणंच बंद केलं. आठ वर्षं झाली, मिरजेत कुणी डोळ्याच्या आत चिमटा धरला नव्हता.

"उद्याच घेऊ, सर," शाल्मली म्हणाली. "सव्या सकाळी मोकळा आहे."

"सव्या नको. तू कर. हाताने."

तिला वाटलं, थट्टा चाललीय. "काहीतरीच काय, सर! माझा हात आता बटाटे सोलायच्या लायकीचा राहिलाय. आणि सव्याचा हात म्हणजे तुमचाच की. तुमचा तुमच्यावर भरवसा नाही?"

"मागच्या वेळी साधं काम होतं, करू दिलं त्याला. आता नको."

"पण का?"

सर खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवत राहिले. "म्हाताऱ्याचा हट्ट समज. शब्द देणार असलीस तर भरती होतो. नाहीतर हा निघालो."

शाल्मलीने शब्द दिला. न देऊन करणार काय? इथे सरांनी खरं कारण सांगितलं असतं तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि सरांचा पीळ तर साऱ्या मिरजेला ठाऊक होता.

पूर्वी नवे डॉक्टर हात बसवायचे ते बकऱ्याच्या डोळ्यांवर. खाटकाकडून सकाळी डबा यायचा, आणि सर मागे उभे राहून एकेकाची सालटी काढायचे. तो डबा शाल्मलीने परत मागवला. थिएटरच्या एस्तेर सिस्टरने सरांची सगळी कारकीर्द पाहिली होती. तिने काही न विचारता डबा आणून ठेवला. शाल्मली सूक्ष्मदर्शकाखाली बसली. आतला पातळ थर धरायला गेली तर चिमटा थेट पडद्यात रुतला. दुसरा डोळा घेतला, तोही फाटला. दुपारपर्यंत डबा संपला आणि एक पडदा धड राहिला नाही.

"मॅडम, सरांना स्पष्ट सांगा," एस्तेर म्हणाली.

"काय सांगू? तुम्ही शिकवलेलं मी विसरले म्हणून?" शाल्मली तिच्यावर खेकसली आणि मग तिलाच वाईट वाटलं. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सरांचा रागही येत होता. हात स्वतः यंत्राला देऊन बसले, सत्काराच्या शाली पांघरल्या, आणि आता हात मागतायत माझ्याकडे!

शस्त्रक्रियेच्या दिवशी भुलीचं इंजेक्शन डोळ्याच्या मागे दिलं. त्याने दुखत नाही, डोळा हलत नाही, पण माणूस जागा असतो. पुष्कळांना डोळ्यात फिरणाऱ्या हत्यारांच्या सावल्याही दिसतात. सर पेशंटना गमतीने सांगायचे, "आत सिनेमा लागेल, तिकीट नाही, गप्प बघत पडा." आता सर स्वतः हिरव्या कापडाखाली गप्प पडले होते.

शाल्मलीने शब्द पाळला, निदान सुरुवातीला. मागच्या खेपेचं उरलंसुरलं साफ केलं, खालच्या पापुद्र्याची कड शोधली, श्वास रोखून धरली आणि उचलली. चिंधीसारखा लांब तुकडा अलगद सुटून आला.

"शाब्बास!" कापडाखालून आवाज आला. "तूच आहेस. कडेकडेनेच ये, घाई करू नकोस."

तिला रडूच यायचं बाकी राहिलं. पण पुढे पापुद्रा जाड झाला, मध्याच्या जवळ आला, आणि तिचा हात थरथरला. टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं. तिने ते थांबवलं, पुन्हा चिमटा नेला, पुन्हा थरथर. तिने मान वर करून एस्तेरकडे पाहिलं. एस्तेरला कळलं. तिने नजर खाली घातली आणि सव्याला पुढे आणलं. त्याचा आवाज होत नाही. शाल्मलीने हत्यारं त्याच्या हाती दिली आणि पेडल दाबलं.

काय सुरेख काम ते! एकही ओढ वाया जात नव्हती. तुकड्यामागून तुकडा सुटत होता आणि चुणलेला पडदा हळूहळू पसरत होता. शाल्मलीला आपण मोडलेल्या शब्दाचा विसरच पडला.

"शाल्मली."

"सर, बोलू नका, डोकं हलेल."

"हात कुणाचा आहे?"

तिने स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"उचलायच्या आधी एकदा दाबून बघतो हा. तू तसं नाही करत, मी करतो. सावलीत दिसतंय मला. हा माझा हात आहे." सरांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "थांबव त्याला. मध्यावर आलाय. उरलाय तेवढा पापुद्रा राहू दे, तेल भर आणि बाहेर ये."

स्क्रीनवर ब्याण्णव आकडा होता. आता थांबलं तर उरलेला पापुद्रा पडदा ओढत राहणार. सरांना माणसाचा आकार दिसेल, चेहरा दिसणार नाही. एवढ्यासाठी थांबायचं? ब्याण्णव असताना? आठ वर्षं ती या आकड्यावर विसंबली होती. कधी दगा झालाच, तर तो उरलेल्या आठांतला, असं समजून ती घरी जाऊन जेवलीही होती.

"पाय काढ, शाल्मली! अगं पाय काढ!"

तिने काढला नाही.

पडदा फाटताना आवाज होत नाही. स्क्रीनवर मधोमध एक काळी फट उमटली आणि रुंदावत गेली. तिने पाय उचलला, पण आता उचलून उपयोग काय?

"गेला," सर म्हणाले. तेवढंच. मग कापणं, लेसर, तेल, सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं.

पडदा भिंतीला बसला, नजर मात्र गेली. खिडकी कुठे आहे ते उजेडावरून कळायचं, बस्स. तेलासाठी सरांना उपडं ठेवलं होतं. पलंगाच्या टोकाला तोंडापुरती मोकळी जागा असलेली उशी, तीत चेहरा घालून ते पडून असत. त्यांच्याशी बोलायचं तर खाली फरशीवर बसावं लागे. शाल्मली जाऊन बसली.

"सर, मी शब्द मोडला."

"किती दाखवत होता?"

"ब्याण्णव."

"दाखवणारच." सरांनी उशीतलं तोंड जरा सरकवलं. "कंपनीवाले म्हणाले होते, सगळी रेकॉर्डिंग द्या. सगळी कशी देणार? कितीतरी डोळ्यांत मी अर्ध्यावर थांबलोय. आता ओढलं तर फाटेल असं वाटलं की पापुद्रा तसाच ठेवून बाहेर यायचो. ती सगळी रेकॉर्डिंग मी वेगळी काढली आणि पुसून टाकली. परिषदेत तरी अर्धवट काम कोण दाखवतो? सगळेच तसं करायचे. झाकली मूठ! सव्याने माझा हात पाहिला तो फक्त शेवटपर्यंत गेलेला. त्याला वाटतं, हुद्दार कधी थांबतच नाही."

शाल्मली फरशीवर आणखी पुढे सरकली. "मग तपासणीच्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"तुला?" उशीतून कोरडं हसू आलं. "तू मला देव मानायचीस गं. देवाने काय सांगायचं, की अर्ध्या वेळा मी पळून यायचो म्हणून? आता भोगतोय. आपलेच दात, आपलेच ओठ."

"सर, माफ करा मला."

"बघू," सर म्हणाले.

तेवढ्यात विजयाकाकू मऊ भात घेऊन आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. शाल्मलीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "तू होतीस म्हणून निदान उजेड तरी राहिला." कुणी कानाखाली वाजवली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

तिने कंपनीला सगळं कळवलं. उत्तर सभ्य भाषेत आलं: अयशस्वी शस्त्रक्रिया सव्यसाचीच्या शिक्षणात घेतल्या जात नाहीत, हा नियम प्रकल्पाच्या मानद सल्लागारांनीच घालून दिला आहे. मानद सल्लागार म्हणजे डॉ. हुद्दार.

पावसाळा सरता सरता म्हैसाळच्या सुवर्णा चौगुले आल्या. ब्लाऊज शिवून घर चालवणारी बाई. एक डोळा जन्मापासून अधू, आणि चांगल्या डोळ्यात हाच प्रकार, पापुद्रा मध्याला टेकलेला. शाल्मलीने तपासलं आणि धोका समजावायला लागली, तर बाईंनी मधेच तोडलं.

"पर मशीननंच करणार न्हवं? हातानं नगं हं, डॉक्टर. आमच्या शेजारणीचं मशीननं केलं, ती आता सुईत दोरा ओवती."

संध्याकाळी शाल्मली सरांच्या घरी गेली. "सर, थिएटरमध्ये माझ्या शेजारी बसा. काय दिसतंय ते मी सांगत जाईन. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा."

सर नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी महिन्यांनी कुणी त्यांच्याकडे काम घेऊन आलं होतं. "चल," म्हणाले. "हे तुला आधीच सुचायला हवं होतं."

सर थिएटरमध्ये आले तेव्हा एस्तेर सिस्टरने त्यांचा हात धरून स्टुलावर बसवलं. सव्याने काम सुरू केलं. शाल्मली बोलत होती, सर मान हलवत होते, अगदी जुने दिवस परत आल्यासारखं वाटत होतं. मध्याजवळ येताच शाल्मलीने पाय उचलला. सव्या थांबला. आकडा होता अठ्ठ्याऐंशी.

"सर, मध्याच्या जरा खाली आहोत. पापुद्रा पांढरट, जाडसर. ओढला की पडदा थोडा वर येतोय."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे... थोडा. तंबूसारखा."

"तंबू तर होतोच गं. ताणल्यावर त्याच्यावर चमक येते का?"

"सगळंच चमकतंय, सर."

"तशी नाही. एक वेगळी..." सरांनी उजवा हात हवेत उचलला, अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, काहीतरी अदृश्य धरलं, किंचित ओढलं. सगळं थिएटर त्या दोन बोटांकडे बघत राहिलं. बोटं तशीच राहिली आणि मग हात मांडीवर पडला. "नाही सांगता येत, शाल्मली. मी कधी शब्दांत धरलंच नाही ते. मला बघितल्याशिवाय नाही कळत."

"झालं का हो?" कापडाखालून सुवर्णाबाईंनी विचारलं.

"होतंय," शाल्मली म्हणाली. तिच्या कानात सरांची ती हाक होती, पाय काढ म्हणणारी. तिला पडद्यात वेगळं काही दिसत नव्हतं. चमक कळत नव्हती, ताण कळत नव्हता. कळत होती ती फक्त भीती. तिने एस्तेरला सांगितलं, "तेल आण. आपण इथे थांबतोय."

सुवर्णाबाई बऱ्या झाल्या, म्हणजे भिंत न धरता चालायला लागल्या, चूल पेटवायला लागल्या. सुईत दोरा काही जाईना. शिलाई मशीन त्यांनी विकून टाकलं आणि शेवटच्या तपासणीला आल्या तेव्हा सरळ तोंडावर म्हणाल्या, "मशीन चांगलं करत हुतं. तुमीच बंद पाडलं. आमच्याकडं समदे म्हणत्यात." त्या शस्त्रक्रियेचं रेकॉर्डिंग कंपनीकडे गेलं होतं. उद्दिष्ट पूर्ण न झाल्याने शिक्षणातून वगळले, असा शेरा पडून ते परत आलं.

त्या दिवशी ती तशीच उठून सरांकडे गेली. सर व्हरांड्यात उन्हाकडे तोंड करून बसले होते. तिने सगळं सांगितलं, सुवर्णाबाईंचं, शेऱ्याचं. मग आठवडे न आठवडे छातीवर घेऊन फिरत होती तो प्रश्न विचारला.

"सर, मी थांबले ते बरोबर होतं का?"

सरांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "मी कुठे पाहिलंय?"